कोकणातल्या ओटीवर चित्रं लावताना: आधी भिंत, मग प्रिंट

चित्र आवडलं, विकत घेतलं आणि मग भिंत शोधली, हा क्रम कोकणात महागात पडतो. इथे जून ते सप्टेंबर भिंत पाणी पिते, आणि ते पाणी आधी फ्रेमच्या पाठीत शिरतं. म्हणून आधी भिंत ठरवा.

नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झड येते, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती टाळा. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत सगळ्यात बरी. शंका असेल तर भर पावसात ४५ सेंमी चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस-रात्र ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. तिथे कागदाचं काहीच लावू नका. पडवी तर प्रिंटसाठी नाहीच. तिथे लाकडी कोरीवकाम किंवा रंगवलेल्या टाइल्स शोभतात आणि टिकतात.

कौलारू घरात आणखी एक शत्रू असतो, काचेचं कौल. त्यातून पडणारा उन्हाचा कवडसा दिवसभर सरकतो. सकाळी, दुपारी आणि चार वाजता तो कुठे पडतो ते भिंतीवर खडूने आखून ठेवा. त्या पट्ट्यात प्रिंट विटतोच. छापून घेताना पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) आणि आम्लमुक्त कागद मागा. डाय शाईचे (विरघळलेल्या रंगाच्या शाईचे) रंग लवकर उडतात.

आता फ्रेम. एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाची) चौकट आणि एमडीएफचीच पाठ दमट हवेत फुगते, कोपरे उघडतात. त्यापेक्षा नीट वाळलेलं सागाचं किंवा फणसाचं लाकूड घ्या, पाठीला ३ मिमी पीव्हीसी फोमशीट (हलका प्लास्टिकचा बोर्ड). प्रिंट काचेला टेकता कामा नये. मधे माउंटबोर्ड, म्हणजे प्रिंटभोवती बसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर दमटपणात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई निघते. ए२ प्रिंटला (४२ × ५९.४ सेंमी) तीन बाजूंना ६ आणि खाली ७ सेंमी माउंट ठेवा. प्रिंट फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी आम्लमुक्त कागदी पट्टीने टांगा. चारही बाजू चिकटवल्या तर पावसात कागद प्रसरण पावतो, जायला जागा नसते, आणि लाटा उठतात. सेलोटेप आणि फेव्हिकॉल दूर ठेवा. पाठीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत ६ मिमी जाडीचे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममधून वारा खेळतो. एवढ्याशा तुकड्यांनी बरीच बुरशी टळते.

उंचीचं गणित सोपं आहे. उभ्याने बघायचं असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर. ओटीवर गादी-तक्क्याची बैठक असेल तर ११५ ते १२० वर. वर सांगितलेली ए२ ची फ्रेम, उभी लावली तर, चौकटीसह सुमारे ७६ सेंमी उंच भरते. १४५ मध्ये निम्मे ३८ मिळवा, म्हणजे १८३. फ्रेमच्या पाठीची टांगायची दोरी ताणून धरल्यावर ती वरच्या कडेपासून ६ सेंमी खाली येत असेल, तर स्क्रू १७७ वर. सोफ्यावर लावताना सोफ्याची पाठ आणि फ्रेम यांत १५ ते २० सेंमी अंतर पुरे. अनेक फ्रेम असतील तर वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे आधी मास्किंग टेपने लावून दोन दिवस बघा.

जांभ्याच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) चालू ठेवून भोक पाडू नका. दगड सच्छिद्र असतो, कडा ढासळतात आणि प्लग फिरत राहतो. हॅमर बंद करून ८ मिमी बिट, ५० मिमी लांबीचा प्लग आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरा. खारं वारं थेट येत असेल तर ३१६ ग्रेडचा, म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या स्टीलचा. साधा खिळा गंजून भिंतीवर तांबडे ओघळ सोडतो. मातीच्या भिंतीत स्क्रू धरतच नाही. तिथे वरच्या तुळईला हुक मारून नायलॉनच्या दोरीने फ्रेम सोडा. जुन्या घराला हे दिसायलाही छान दिसतं.

काय लावावं हा आवडीचा भाग, पण सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, विचार जरूर करा. दशावतारी गंजिफांच्या १२० पानांपैकी दहा अवतारांचे दहा राजे १५ सेंमी व्यासाचे छापून घ्या, चौकोनी फ्रेममध्ये, पाच-पाचच्या दोन ओळींत, मधे ६ सेंमी अंतर. पिंगुळीच्या चित्रकथीचे (चित्रं दाखवत कथा सांगायच्या लोककलेतल्या चित्रांचे) तांबडे-तपकिरी रंग उघड्या जांभ्यावर हरवतात. तिथे माउंट १० सेंमी रुंद आणि दुधी रंगाचा घ्या. चुन्याच्या भिंतीवर मात्र तीच चित्रं अरुंद माउंटमध्येही उठून दिसतात.

रविवर्मा छापखान्याची, म्हणजे १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्याची, जुनी देवादिकांची चित्रं काही घरांत अजून आहेत. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करून त्याचा प्रिंट भिंतीवर लावा आणि मूळ चित्र कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फ्रेम उतरवून पाठ कोरड्या फडक्याने पुसा, वाळवीची मातीची रेघ दिसते का ते बघा. बुरशी दिसली तर ओलं फडकं लावू नका, ती पसरते. उघडीप मिळाली की फ्रेम उघडून सावलीत वाळवा, मग नाकाला फडकं बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. उन्हात ठेवलात तर कागद वाकतो.