एका शेअरपासून अल्गो: लाइव्ह मार्केटमध्ये स्ट्रॅटेजी कशी घडवायची

बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीत, झकास चाललेली स्ट्रॅटेजी खऱ्या बाजारात का आपटते, हे खरी ऑर्डर टाकल्याशिवाय कळतच नाही, म्हणून मला कुणी विचारलं की मी हेच सांगतो, नियम साधा ठेवा, त्या नियमाने आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्राम (अल्गो) लवकर लाइव्ह करा आणि क्वांटिटी ठेवा एक. एक लॉट (ठरावीक शेअरचा गठ्ठा) नाही, एक शेअर. पहिले दोन-तीन महिने हे मोजमाप आहे, कमाईचा विषयच काढायचा नाही.

आणि हे कॅश सेगमेंटमध्ये, म्हणजे थेट शेअरच्या खरेदी-विक्रीत करा, ऑप्शनमध्ये नको. बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) मधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले, आणि कॅशमधल्या इंट्राडेत (त्याच दिवशी घेऊन विकण्यात) 2022-23 साली दहातले सात. म्हणजे सोपं कुठेच नाही, पण कॅशमध्ये एका शेअरवर शिकता येतं.

आधी नियम कागदावर. समजा, सव्वानऊ ते साडेनऊ या पंधरा मिनिटांतला हाय (सगळ्यात वरचा भाव) तोडला की घ्यायचं, त्याच पंधरा मिनिटांचा लो (सगळ्यात खालचा) हा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव, आणि 3:10 ला काहीही असो बाहेर. दिवसाला एकच सौदा, भरपूर व्हॉल्यूम असलेला एकच मोठा शेअर. आता तो कागद घरातल्या कुणाच्याही हातात दिला तर त्याने एकही प्रश्न न विचारता तोच सौदा करायला हवा, आणि इथेच आपण अडकतो. हाय तोडला म्हणजे भाव नुसता शिवला की चार्टवरची कँडल (ठरावीक मिनिटांच्या भावांची पट्टी) वर बंद झाली? सकाळी गॅप पडून, म्हणजे भाव कालच्यापेक्षा एकदम वर-खाली उघडून, ती पंधरा मिनिटांची रेंजच तीन टक्क्यांची झाली तर? सिग्नल पावणेतीनला आला तर घ्यायचं का? ही उत्तरं लिहिल्याशिवाय कोडला हात लावू नका, कारण प्रोग्राम अंदाज करत नाही.

मग खर्च. 800 रुपयांचे 100 शेअर घेऊन त्याच दिवशी विकले तर डिस्काउंट ब्रोकरकडे ब्रोकरेज जास्तीत जास्त 20 अधिक 20, विक्रीवर एसटीटी (सौद्यावरचा कर) 0.025 टक्के म्हणजे 20 रुपये, वर एक्स्चेंजचे चार्जेस, खरेदीवर स्टँप ड्युटी, 18 टक्के जीएसटी, सगळं मिळून साधारण 75 रुपये. म्हणजे शेअरमागे 75 पैसे. तुमची बॅकटेस्ट सौद्यामागे शेअरला सरासरी 60 पैसे फायदा दाखवत असेल तर ती स्ट्रॅटेजी तोट्याची आहे, बाजारात जाऊन ते सिद्ध करायची गरज नाही. एका शेअरवर हे चार्जेस राउंडिंगमुळे वेगळे दिसतात, त्यामुळे खर्चाचा हिशोब नेहमी पुढे वापरायच्या क्वांटिटीवर करा.

आता एपीआयचं, म्हणजे प्रोग्राम ब्रोकरच्या सिस्टीमला जोडायच्या सोयीचं बघू. सेबीने 4 फेब्रुवारी 2025 ला रिटेल अल्गोसाठी सर्क्युलर काढलं, त्यानुसार एपीआयने ऑर्डर पाठवायला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागतो. घरच्या वायफायचा आयपी बदलत राहतो, म्हणून छोटा सर्व्हर भाड्याने घेतलेला बरा. सेकंदाला दहा ऑर्डरच्या आत असाल (दिवसाला दोन-तीन ऑर्डर टाकणारे आपण आतच असतो) तर स्ट्रॅटेजी एक्स्चेंजकडे वेगळी रजिस्टर करावी लागत नाही. स्वतःच्या, नवरा-बायकोच्या, अवलंबून असलेल्या मुलांच्या आणि आईवडिलांच्या खात्यावर चालवता येतं, मित्राच्या नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी. आणि भाड्याचे सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतात, म्हणजे आपले 9:15 तिथे 3:45, तेवढं पहिल्याच दिवशी तपासा.

पहिले दोन आठवडे ऑर्डर न पाठवता फक्त सिग्नल फाइलमध्ये लिहू द्या. मग एक शेअर.

आता खरं काम सुरू होतं ते लॉगचं. प्रत्येक सौद्यात चार क्षणांची वेळ नोंदवा, सिग्नल कधी आला, ऑर्डर कधी गेली, ब्रोकरने कधी स्वीकारली, भरली कधी, आणि प्रत्येक वेळचा भाव. समजा सिग्नलचा भाव 812 आणि हातात आला 812.35, हे 35 पैसे म्हणजे स्लिपेज, बॅकटेस्टमध्ये ते कुठेच नव्हते. ब्रेकआउटमध्ये भाव कायम आपल्या विरुद्धच मिळतो कारण त्याच रेषेवर सगळेच घेत असतात, आणि स्टॉपलॉस उडतो तेव्हा त्याहून वाईट, म्हणून एंट्रीचं स्लिपेज वेगळं आणि स्टॉपचं वेगळं लिहा. चाळीस-पन्नास सौदे झाले की हे आकडे परत बॅकटेस्टमध्ये घाला आणि नव्याने चालवा. माझ्या पहिल्या स्ट्रॅटेजीचा सगळा फायदा याच एका दुरुस्तीत गेला, वाईट वाटलं खूप, पण तोवर गेले होते काहीशे रुपयेच.

सुरक्षिततेवर मात्र वेळ घालवा, भरपूर. एकदा सकाळी अकराच्या सुमारास माझा प्रोग्राम बंद पडला, मी घाईघाईत परत सुरू केला आणि त्याने आपल्याकडे काहीच नाही असं समजून पुन्हा खरेदी केली. एकाचे दोन शेअर झाले एवढंच, पण क्वांटिटी 500 असती तर? तेव्हापासून प्रोग्राम सुरू होताना पहिलं काम, ब्रोकरकडून पोझिशन (हातात किती शेअर आहेत) आणि ऑर्डरबुक (टाकलेल्या ऑर्डरची यादी) मागवणं, स्वतःच्या मेमरीवर विश्वास ठेवायचाच नाही. स्टॉपलॉसही प्रोग्रामच्या डोक्यात नको, खरेदी भरल्याबरोबर एक्स्चेंजवर ऑर्डर लागलेली हवी, म्हणजे नेट गेलं तरी ती तिथे आहे, आणि ती रिजेक्ट झाली तर लगेच बाहेर पडायचं. 3:10 ला निघताना वेगळी विक्री टाकू नका, त्याच स्टॉपच्या ऑर्डरला मॉडिफाय करून विका, नाहीतर दोन्ही भरतात आणि तुम्ही नकळत शॉर्ट होता, म्हणजे हातात नसलेले शेअर विकून बसता. दिवसाचा कमाल तोटा ठरवा, तो लागला की प्रोग्रामने दिवसभरासाठी स्वतःला बंद करायचं. आणि मोबाइलवर ब्रोकरचं अ‍ॅप उघडून हाताने सगळं कापायची सवय ठेवा, तिची रंगीत तालीम करा.

वेळाही कोडमध्ये गोठवू नका. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसईचं ट्रेडिंग 11:40 ला थांबलं आणि 3:45 ला परत सुरू होऊन 5 पर्यंत चाललं, 3:10 ला बाहेर पडायला सांगितलेल्या प्रोग्रामने त्या दिवशी काय करायचं? 2025 ला तर दिवाळीच्या मुहूर्ताचे सौदे संध्याकाळऐवजी दुपारी 1:45 ला होते. बाजार बंद असताना विक्री भरली नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा, की तुम्हाला मेसेज पाठवून थांबायचं, हे आधीच ठरलेलं हवं.

नियमात बदल फक्त शनिवारी, आणि एका वेळी एकच. तीन तोटे लागोपाठ झाले की दुपारी दीडला स्टॉप मोठा करावासा वाटतो, तो हात आवरा. 100 वेळा नाणं उडवलं तर 55 छापे सहज पडतात, मग वीस सौद्यांवरून स्ट्रॅटेजी चांगली की वाईट कसं ठरणार? प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक द्या, तो लॉगच्या प्रत्येक ओळीत छापा. 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेत नाइट कॅपिटलच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, तिथला जुना कोड जागा झाला आणि साधारण 45 मिनिटांत सुमारे 44 कोटी डॉलर गेले. एवढ्या मोठ्या फर्मचं हे झालं, आपण तर एकटे बसलेलो असतो.

त्याच शनिवारी कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लॉग ओळीला ओळ जुळवा. इंट्राडेचा नफा-तोटा इन्कम टॅक्समध्ये सट्ट्याच्या धंद्यात धरला जातो, त्यामुळे ही वही सीएकडेही लागणार आहे. खर्च आणि स्लिपेज वजा जाऊन शंभरेक सौद्यांनंतरही हातात काही उरत असेल तर एकाचे पाच करा, मग पन्नास सौदे थांबा, मग पंचवीस शेअर. प्रत्येक पायरीला स्लिपेज पुन्हा मोजा, आणि ते वाढलेलं दिसलं की मागच्या क्वांटिटीवर परत या.