छोट्या शेतवाडीवर कॅथोलिक कुटुंबाने दिवस, रविवार आणि वर्ष कसे बांधावे

थोडी जमीन, एक-दोन दुभती जनावरे, कोंबड्या, भाजीचे वाफे आणि लहान मुले असा संसार मांडणारे कॅथोलिक कुटुंब पहिली चूक बहुधा वेळापत्रकातच करते. पहाटे तासभर सामुदायिक प्रार्थना, दुपारी शास्त्रवाचन, संध्याकाळी संपूर्ण जपमाळ आणि रात्री आत्मपरीक्षण असा तक्ता मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागतो. मग एखादी गाय आजारी पडते किंवा तान्हे मूल रात्रभर जागवते आणि तिसऱ्या आठवड्यानंतर तक्ता नुसता भिंतीवर उरतो. आमच्या घरीही असेच झाले. त्या तक्त्यात शेतीचा एक दिवस आणि प्रार्थनेचा दुसरा दिवस असे दोन दिवस एकाच चोवीस तासांत कोंबलेले होते. म्हणून येथे सुचवलेली पद्धत दुसऱ्या टोकापासून सुरू होते: जे काम रोज ठरल्या वेळी करावेच लागते, त्याच कामाच्या खुंटाला प्रार्थना बांधावी.

ही कल्पना नवी नाही. सहाव्या शतकात लिहिलेल्या संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत अठ्ठेचाळिसावे प्रकरण हाताने करायच्या कामाविषयी आहे आणि पन्नासाव्या प्रकरणात असे सांगितले आहे की, मठापासून दूर काम करणाऱ्या बंधूंना प्रार्थनामंदिरात वेळेवर येणे शक्य नसेल, तर त्यांनी जेथे काम चालू आहे तेथेच गुडघे टेकून ती प्रार्थना करावी. एकतिसावे प्रकरण तर मठाची भांडीकुंडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत, असे भांडारप्रमुखाला बजावते. (‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे वाक्य मात्र बेनेडिक्ट यांच्या नावावर सर्रास खपवले जात असले, तरी नियमावलीत ते कोठेही सापडत नाही.) या ग्रंथातून कुटुंबाने भाव घ्यावा, वेळापत्रक घेऊ नये, त्या संन्याशांच्या घरात दात येणारी बाळे नव्हती.

प्रारंभ करताना एक आठवडाभर काहीही बदलू नये. फक्त एका वहीत न चुकता होणारी कामे लिहावीत: धार काढणे, कोंबड्या सोडणे आणि सांजेला पुन्हा कोंडणे, पाणी भरणे, वैरण टाकणे, जेवणे, मुलांना निजवणे. आठवड्याअखेरीस दिसून येते की पावसापाण्यात, आजारपणात किंवा पाहुणे आले असतानाही ज्यांची वेळ फारशी हलत नाही, अशी चार-पाचच कामे असतात. प्रार्थना त्यांनाच जोडावी. जी कामे मनाच्या लहरीवर किंवा हवामानावर चालतात, उदाहरणार्थ कुंपणाची दुरुस्ती, त्यांना काही बांधू नये. ती स्वतःच सुटी असतात.

सकाळ, मध्यान्ह आणि संध्याकाळ या तिन्ही वेळांसाठी अँजेलससारखी सोयीची प्रार्थना दुसरी नाही. तीन छोटी वचने, प्रत्येक वचनानंतर एक ‘नमो मरिया’ आणि शेवटी समारोपाची प्रार्थना एवढाच तिचा विस्तार असून ती दोन-तीन मिनिटांत पूर्ण होते. परंपरेने ती सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता म्हटली जाते, पण घड्याळापेक्षा गोठा महत्त्वाचा मानावा आणि सकाळची प्रार्थना पहिली बादली भरण्यापूर्वी, दुपारची हातपाय धुऊन जेवायला बसण्यापूर्वी व संध्याकाळची खुराड्याचे दार लावल्यावर म्हणावी. अंगणात एक घंटा टांगावी आणि ती वाजवण्याचा मान मुलांना पाळीपाळीने द्यावा. घंटा वाजल्यावर मोठी माणसे हातातले काम खाली ठेवतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहणे फार मोलाचे आहे, कारण ती ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात. ईस्टरच्या रविवारपासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, अँजेलसच्या जागी ‘रेजिना चेली’ ही मरियेची प्रार्थना म्हणतात. हा बदल पाळल्यास पुनरुत्थानाचा काळ निराळा आहे हे चार वर्षांच्या मुलालाही जाणवते.

जपमाळेविषयी मात्र घरोघरी अपराधीपणाची भावना आढळते, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. संपूर्ण पाच रहस्यांना (रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातील एका प्रसंगाचे मनन करत म्हणायचा जपमाळेचा भाग) सुमारे वीस मिनिटे लागतात आणि दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला रात्री तेवढी वीस मिनिटे जागे राहणे अवघड जाते. अशा घरात रोज एकच रहस्य, म्हणजे दहा ‘नमो मरिया’, संपूर्ण कुटुंबाने जागेपणी म्हणावे आणि पाचही रहस्ये रविवारी किंवा सणाच्या दिवशी घ्यावीत. सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि गुरुवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली सुचवलेली प्रकाशाची रहस्ये, हा क्रम एकट्याने तण काढतानाही चालवता येतो. वाफ्यात बसून एका हाताने तण उपटताना दुसऱ्या हाताच्या बोटांवर दहा मोजता येतात. मणी मातीने माखण्याची गरज नाही.

खरी कसोटी रविवारी लागते. जनावराला वार कळत नाही. त्याला रविवारीही भूक लागते आणि कासही भरते. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या नियमसंहितेतील १२४७ वा नियम सांगतो की, श्रद्धावंतांनी रविवारी मिस्सेला, म्हणजे देवळातील मुख्य सामुदायिक उपासनेला, उपस्थित राहावे आणि ईश्वराची उपासना, प्रभूच्या दिवसाचा आनंद व मनाशरीराची योग्य विश्रांती यांना अडथळा आणणारी कामे टाळावीत. जनावरांना चारा-पाणी देणे आणि धार काढणे ही कामे यात अडत नाहीत. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता की नाही, आणि विहिरीत पडलेला बैल लगेच बाहेर काढता की नाही, असे येशूनेच लूकलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत विचारले आहे. अडचण येते ती या सवलतीच्या आडून शिरणाऱ्या कामांची. गोठ्यात गेलोच आहोत तर शेण काढून टाकू, शेण काढलेच आहे तर खताचा ढीगही उलथू, असे म्हणता म्हणता दुपार होते.

यावर उपाय शनिवारी करायचा असतो. शनिवारी दुपारनंतर नवे काम हाती घेऊ नये. रविवारची वैरण मोजून गव्हाणीजवळ ठेवावी, पाण्याच्या टाक्या भराव्यात, सरपण आत आणावे, स्वयंपाकाची निम्मी तयारी उरकावी आणि मिस्सेचे कपडे काढून ठेवावेत. मग रविवारी जिवंत प्राण्याला आज ज्यावाचून त्रास होईल तेवढेच काम करायचे, ही एकच कसोटी लावावी. भाजी सोमवारीही खुडता येते. आमच्याकडे फावडे आणि कुदळ शनिवारी संध्याकाळी धुऊन कुलपात जातात. हे थोडे हास्यास्पद वाटेल, पण किल्ली शोधायला जाण्याएवढ्या वेळात माणसाला पुनर्विचार सुचतो.

पीक कापणीला आले आहे आणि सोमवारी पाऊस येणार हे नक्की दिसत आहे, अशी वेळही येते. कुटुंबाची गरज हे रविवारच्या विश्रांतीतून मोकळे होण्याचे रास्त कारण असू शकते, असे कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २१८५ वा परिच्छेद मान्य करतो, पण त्याच दमात अशा सवलतीची सवय लागून भक्ती, कुटुंबजीवन आणि आरोग्य यांची हानी होऊ नये, असेही सांगतो. अशा रविवारी आधी मिस्सा, मग कापणी हा क्रम ठेवावा आणि संकोच न करता आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. त्याच नियमसंहितेतील १२४५ व्या नियमानुसार रास्त कारणासाठी सूट देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या क्षेत्राच्या) प्रमुख धर्मगुरूंना आहे. गाय विण्याच्या बेतात असेल तर पती-पत्नींनी पाळी लावून घ्यावी. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, त्यामुळे एकाने शनिवारी आणि दुसऱ्याने रविवारी जाणे शक्य असते. तान्ह्या बाळाच्या किंवा रुग्णाच्या देखभालीसाठी घरी थांबावे लागले, तर ते गंभीर कारणच आहे आणि त्याचे ओझे मनावर बाळगू नये.

उपवासाचे नियम कष्टकरी घराला वाटतात तितके जड नाहीत, परंतु त्यांची तयारी करावी लागते. राखेचा बुधवार (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी सार्वत्रिक उपवास बंधनकारक असून तो १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या व्यक्तींना लागू होतो. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि त्याखेरीज थोडा अल्पाहार घेता येतो. मांसवर्जनाचा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू होतो. अंडी आणि दूध त्यात येत नाहीत. या दोन दिवसांच्या तारखा वर्षारंभीच वहीत लिहून ठेवाव्यात आणि लाकूडफोड, खड्डे खणणे, गवताचे भारे वाहणे अशी कामे त्या दिवसांवर येऊ देऊ नयेत. रुग्ण, गर्भवती आणि अंगावर पाजणारी आई यांनी उपवासाचा हट्ट धरू नये, आणि घरच्यांनीही त्यांना तसे वाटू देऊ नये.

वर्षाचा क्रम ठरवताना सगळे सण एकदम घरात आणू नयेत; पहिल्या वर्षी आपल्या कामाशी थेट जुळणारे तीन-चारच घ्यावेत. मधमाश्या पाळणाऱ्या घरासाठी २ फेब्रुवारी, म्हणजे प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण, हा पहिला मान. त्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, आणि घरच्या मेणाची एखादी मेणबत्ती त्यात ठेवली तर ती पुढे आजारपणात, वादळात किंवा स्नानसंस्काराच्या वाढदिवशी लावता येते. ईस्टरच्या जागरण विधीत गायल्या जाणाऱ्या ‘एक्सुल्टेट’ या घोषणागीतात मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख येतो. मुलांना तो आधी सांगून ठेवावा, म्हणजे अंधाऱ्या देवळात ती कान टवकारून वाट पाहतात.

शेताच्या आशीर्वादासाठी रोगेशनचे, म्हणजे विनवणीचे, दिवस आहेत. गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) व्हिएन येथील बिशप संत मामेर्तुस यांनी पाचव्या शतकात प्रभूच्या स्वर्गारोहणापूर्वीच्या तीन दिवसांत मिरवणुकीने विनवण्या करण्याची प्रथा सुरू केली आणि पुढे ती सर्वत्र पसरली. १९६९ च्या उपासना-दिनदर्शिकेच्या सुधारणेनंतर या दिवसांच्या तारखा ठरवणे त्या त्या प्रदेशाच्या बिशप परिषदेवर सोपवले आहे. हे समजून घेणे महत्त्वाचे, कारण मूळ दिनदर्शिका उत्तर गोलार्धातील ऋतूंवर बेतलेली आहे आणि दक्षिण गोलार्धात स्वर्गारोहणाच्या सुमारास पेरणीऐवजी पानगळ असू शकते. आपल्याकडे पेरणी ज्या आठवड्यात होते, त्या आठवड्यात सर्व कुटुंबाने संतांची विनवणीमाला म्हणत बांधाबांधाने एक फेरी मारावी. धर्मगुरू येऊ शकले तर उत्तमच.

१५ मे हा अनेक ठिकाणी संत इसिद्रो यांचा दिवस म्हणून पाळला जातो. माद्रिदजवळच्या एका जमीनदाराच्या शेतावर ते मजूर होते. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, अविलाच्या तेरेसा आणि फिलिप नेरी या चौघांबरोबर त्यांना संतपद देण्यात आले. त्यांची पत्नी मारिया यांनाही संत मानले जाते. इसिद्रो प्रार्थनेत असताना देवदूतांनी त्यांचा नांगर धरला, ही आख्यायिका मुलांना जरूर सांगावी, मात्र बाबा गोठ्यात एकटे असताना प्रार्थनेची अचानक ओढ लागणाऱ्या थोरल्या मुलाला ती जपून सांगावी.

मृत्यू या घरात पाहुण्यासारखा न येता घरच्यासारखा वावरतो, आणि त्याबद्दल आधीच ठरवून ठेवणे बरे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदात म्हटले आहे. अन्नासाठी प्राणी कापणे त्याच ग्रंथाला मान्य आहे. म्हणून सुरी धारदार असावी, काम जाणत्या हातांनी झटपट व्हावे आणि त्याआधी एका वाक्यात ईश्वराचे आभार मानावेत. मुलांना पाहायला भाग पाडू नये. विचारल्यास खोटेही सांगू नये.

लेवीय या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राखावे, अशी आज्ञा आहे. आजच्या घरात हे पाळायचे, तर एक वाफा किंवा एका कोंबडीची अंडी वर्षारंभीच नावाने वेगळी काढावीत. उरले तर देऊ असे म्हटले की काहीच उरत नाही. पोलंडमधील मार्कोवा गावचे युझेफ आणि विक्टोरिया उल्मा हे जोडपे असेच शेतकरी होते. युझेफ फळझाडांची रोपवाटिका चालवीत आणि मधमाश्या पाळीत. घरात आठ ज्यू व्यक्तींना लपवल्याबद्दल २४ मार्च १९४४ रोजी जर्मन पोलिसांनी त्या आठ जणांसह या जोडप्याला व त्यांच्या मुलांना ठार मारले, आणि १० सप्टेंबर २०२३ रोजी ख्रिस्तसभेने या संपूर्ण कुटुंबाला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. त्यांच्या घरातील बायबलमध्ये चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाचा, दाखला अधोरेखित केलेला असून त्याशेजारी ‘हो’ असे लिहिलेले आढळले. घरातील बायबल कपाटात न ठेवता जेवणाच्या टेबलाजवळ, पेन्सिलीसह ठेवावे.

काही आठवडे यातले काहीच जमणार नाही, हे गृहीत धरूनच सर्व मांडावे. अशा वेळी प्रथम रात्रीची लांब प्रार्थना सोडावी, मग जपमाळेचे रहस्य, मग दुपारचा अँजेलस. रविवारची मिस्सा आणि जेवणापूर्वीची प्रार्थना शेवटपर्यंत सोडू नये. पुन्हा सुरुवात करताना राहिलेल्याची भरपाई करू नये. पुढच्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर वहीचे नवे पान उघडावे आणि सोमवारच्या पहिल्या धारेपुढे फक्त ‘अँजेलस’ एवढेच लिहावे.