गवती चहाचं तेल आणि माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट

यंदा एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आलेल्या बऱ्याच जणांनी विचारलं की प्रोजेक्टला इसेन्शियल ऑइल (वनस्पतीचं सुगंधी तेल) घेऊन ते जंतूंवर चालतं का हे बघू का, म्हणून लिहितोय. जरूर घ्या. कोल्हापुरात गवती चहा कुणाच्याही परड्यात मिळतो आणि ओवा, लवंग, दालचिनी लक्ष्मीपुरीत. फक्त तेल काढण्यातच आठवडे जातात हे धरून चाला, क्लेव्हेंजरवर (वाफेनं तेल काढायचं काचेचं उपकरण) ३ तास उकळून पाव किलो ताज्या पातीचं मला जेमतेम १ मिली मिळायचं.

सुरुवातीला मी डिस्क डिफ्युजन केलं, म्हणजे जंतू पसरलेल्या अगारवर तेलाची कागदी चकती ठेवली, जंतू स्टॅफ ऑरियस (एटीसीसी २५९२३ हा प्रमाणित स्ट्रेन), झोन, म्हणजे चकतीभोवती जंतू न वाढलेला भाग, एवढा मोठा आला की काम झालं असंच वाटलं. पण तेल पाण्यात विरघळत नाही, अगारमध्ये नीट पसरत नाही, वर उडूनही जातं, त्यामुळं झोनच्या मिलिमीटरवरून दोन तेलांची तुलना करू नका, एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण) काढा. तेल पाण्यात मिसळायला ट्वीन ८० किंवा डीएमएसओ वापरलं तर त्याचा तेलाशिवायचा वेगळा कंट्रोल हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमआयसीसाठी ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये माझा ग्रोथ कंट्रोलच (तेल न घातलेले जंतू) वाढेना, रेझाझुरिन (जंतू जिवंत असले की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) टाकलं की निळं ते निळंच, तीनदा केलं, मीडिया बदलला, कल्चर बदललं, आणि मग लक्षात आलं की तेलाची वाफ शेजारच्या वेलमध्ये जातेय! कंट्रोल दुसऱ्या प्लेटमध्ये नेला, मधे ओळी मोकळ्या सोडल्या, प्लेट सील केली, तेव्हा कुठं गुलाबी दिसलं.

एमआरएसएमध्ये (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस) मेक-ए जीनमुळं पेनिसिलिनला न जुमानणारं प्रोटीन तयार होतं, तेल मात्र थेट जंतूच्या मेम्ब्रेनवर (आवरणावर) जातं म्हणून या विषयात खरंच दम आहे. पण स्युडोमोनाससारखे ग्रॅम निगेटिव्ह जंतू त्यांच्या जादा बाहेरच्या मेम्ब्रेनमुळं सहसा दाद देत नाहीत. शिवाय अँटिबायोटिकची एमआयसी मायक्रोग्रॅममध्ये आणि तेलाची बऱ्याचदा मिलिग्रॅममध्ये, तेवढा डोस आपल्या पेशींनाही सोसेलच असं नाही. म्हणून टायटलमध्ये 'अँटिबायोटिकला पर्याय' लिहिण्याआधी विचार करा आणि कुणाला तेल प्यायला तर अजिबात सांगू नका. मला विचाराल तर अँटिबायोटिकसोबत चेकरबोर्ड करा (एकाच प्लेटमध्ये दोघांची वेगवेगळी प्रमाणं एकत्र), त्यावरून काढलेला एफआयसी इंडेक्स ०.५ किंवा कमी आला तर सिनर्जी, म्हणजे दोघं मिळून जास्त चालतात, खरं काम तिथं आहे. पेशंटचे आयसोलेट (पेशंटकडून वेगळे केलेले जंतू) घेणार असाल तर एथिक्सची परवानगी आणि बीएसएल-२ (रोगजंतूंसाठी सुरक्षित लॅब) ची सोय आधी बघा.

आणि बाटली गडद काचेची घ्या, तिच्यावर पात कापल्याची तारीख लिहा. पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या पातीचं तेल सारखं नसतं, मी तारीख लिहिली नव्हती, जीसी-एमएसचा (तेलात कुठले घटक आहेत त्याच्या तपासणीचा) रिपोर्ट कुठल्या बॅचचा ते सांगता येईना, अख्खी बॅच परत काढावी लागली.