बाळाची टाळू फाटलीये, पण कुठपर्यंत? घरी बघायचं कसं

टाळू म्हटलं की आपल्याला डोक्यावरची, तेल भरतो ती आठवते, मी बोलतेय तोंडातल्या टाळूबद्दल. माझ्या मुलीचा ओठ अगदी नीट होता म्हणून कोणी आत बघितलंच नाही, नाकातून दूध यायचं तर सगळे म्हणायचे जास्त पाजतेस.

बाळाला मांडीवर झोपवा, रडत असेल तर बरंच, तोंड मोठं उघडतं, मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागून पुढे बघत या. फट फक्त मागच्या मऊ टाळूत असेल तर पहिला प्रकार. पुढे हाडाच्या टाळूत शिरली तर दुसरा, ही जास्तीत जास्त पुढच्या हिरडीच्या जरा मागे येऊन थांबते, कारण पोटात असताना त्याच्या पुढचा भाग वेगळा आणि आधीच जुळलेला असतो. मागचा जुळतो साधारण 8 ते 12 आठवड्यांत, म्हणजे दिवस गेलेत हे कळून जेमतेम महिना झालेला असतो, ग्रहणात भाजी चिरल्याने काही होत नाही हो. तिसऱ्यात पडजिभेपासून हिरडी-ओठापर्यंत एका बाजूने फट, नाकाचा मधला पडदा दुसऱ्या बाजूला चिकटलेला. चौथ्यात दोन्हीकडून, पडदा मधे लोंबतो आणि हिरडीचा मधला तुकडा पुढे आलेला दिसतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे झाकलेली फट. वरची कातडी अखंड, आतले स्नायू मात्र जुळलेले नाहीत. पडजिभेला दोन टोकं, मधोमध निळसर पातळ रेघ, आणि हात धुवून, नख कापून करंगळी फिरवली तर हाडाच्या मागच्या कडेला खाच लागते. नुसती पडजीभ दुभंगलेली असली तर काही नसेलही, पण दाखवून घ्याच.

प्रकार कुठलाही असो, कान तपासा. मऊ टाळूचे स्नायू मधे भेटायचे ते हाडाच्या कडेला चिकटतात, कानाची नळी नीट उघडत नाही आणि आत पाणी साठतं.

फट घोड्याच्या नालेसारखी रुंद, हनुवटी बारीक आणि श्वास घेताना घरघर असेल तर जीभ मागे पडतेय, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी बाळाला उभं धरून, दाबता येणाऱ्या बाटलीने थोडं थोडं पाजा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं विचारा (2013 मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला), त्यात हे बसतं. टाळूचं ऑपरेशन साधारण 9 ते 18 महिन्यांत करतात.