‘झाकोळलेला’ कुठे शोभतो, कुठे नाही

हा शब्द वापरण्याआधी एकच तपासा: कमी काय झालंय? उजेड, तेज, चमक कमी झाली असेल तर ‘झाकोळलेला’. वस्तू दुसऱ्या वस्तूमागे गेली असेल तर ‘आड गेलेला’. वरून काही घातलं असेल तर ‘झाकलेला’.

म्हणून ‘झाकोळलेलं पातेलं’ होत नाही, त्यावर ताटली असते. फांद्यांमागची दुकानाची पाटीही झाकोळलेली नसते, ती झाडाआड गेलेली असते. पदराआडचा चेहरा अर्धा झाकलेला. काळजीने उतरलेला चेहरा मात्र झाकोळलेला. पहिल्यात नाक-डोळे दिसत नाहीत, दुसऱ्यात सगळं दिसतं, फक्त तजेला नसतो. झाकोळलेल्या गोष्टीचं अस्तित्व जाणवत राहतं. ढग कितीही दाटले तरी दिवस असतोच. सूर्य क्षितिजाखाली गेला की तो मावळलेला.

ग्रहणाला वेगळे शब्द आहेत. २२ जुलै २००९ चं सूर्यग्रहण सुरतेत खग्रास होतं, मुंबईत खंडग्रास. चंद्राने सूर्य ग्रासला, ढगांनी झाकोळला. पावसाळ्यातल्या ग्रहणात दोन्ही एकदम होऊ शकतं, तेव्हा बातमी लिहिताना घोळ नको. हवामानाच्या अंदाजात ‘अंशतः ढगाळ’ म्हणतात, तिथे हा शब्द घुसवू नये. तो वर्णनाचा आहे, मोजमापाचा नाही.

व्याकरणात चूक बहुधा सामान्यरूपात होते. ‘ढगाळ’ बदलत नाही, हा बदलतो: झाकोळलेला सूर्य, झाकोळलेली सांज, झाकोळलेलं (लेखी भाषेत ‘झाकोळलेले’) आभाळ. पुढच्या नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की तिन्ही लिंगांत ‘झाकोळलेल्या’: झाकोळलेल्या आभाळाखाली. ‘झाकोळलेले आभाळाखाली’ कानालाच खटकतं.

कशाने झाकोळलं ते ‘ने/नी’ किंवा ‘मुळे’ लावून सांगा: ढगांनी झाकोळलेलं, थोरल्याच्या कीर्तीमुळे झाकोळलेला धाकटा. माणसाबद्दल ‘झाकोळला गेला’ चालतं, त्यात त्याची अगतिकता येते. आभाळाला ‘गेलं’ची गरज नाही, ते ‘झाकोळून येतं’.

जुन्या पुस्तकांत ‘झांकणे’, ‘झांकोळणे’ असं अनुस्वारासह दिसेल. १९६२ च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. आज लिहिताना तो देऊ नका. जुना उतारा उद्धृत करत असाल तर मात्र काढू नका.