लाल राक्षसी ताऱ्याने गमावलेले वस्तुमान कसे काढावे

मुंबईच्या दिव्यांपासून दूर, वांगणीसारख्या ठिकाणी मे महिन्याच्या रात्री ज्येष्ठा ताऱ्याशेजारी दुर्बिणीतून दिसणारा एम ४ हा बंदिस्त तारकागुच्छ या हिशेबासाठी उत्तम आहे, कारण तो सुमारे ६,००० प्रकाशवर्षे, म्हणजे अशा गुच्छांच्या मानाने जवळ असून त्यातले तारे जवळपास समवयस्क आहेत.

प्रथम गुच्छाच्या रंग-तेजस्विता आलेखात (एका अक्षावर ताऱ्यांचा रंग, दुसऱ्यावर तेजस्विता) मुख्य क्रम, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा पट्टा, जिथे वळतो तो बिंदू शोधावा. सुमारे १२ अब्ज वर्षे वयाच्या गुच्छात तिथल्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या ०.८ पट येते. राक्षसी शाखेवरचे, म्हणजे गाभ्यातला हायड्रोजन संपून फुगलेले लाल तारे मुळात त्याहून किंचितच जड होते. मग त्यापुढच्या, हेलियम जाळणाऱ्या क्षैतिज शाखेवरील ताऱ्यांचे वस्तुमान सैद्धांतिक प्रतिकृतींवरून किंवा, माझ्या मते अधिक खात्रीने, त्यांच्या कंपनांवरून काढावे. ते ०.६ ते ०.७ भरते. वजाबाकी साधारण ०.२ येते, म्हणजे ताऱ्याचा जवळपास पाचवा हिस्सा मंद वाऱ्याच्या रूपाने अवकाशात निघून गेलेला असतो, आणि हे मला आजही विलक्षण वाटते!

तेजस्विता गुणिले त्रिज्या भागिले वस्तुमान या प्रमाणात वस्तुमानाच्या ऱ्हासाचा वेग मानणारे खगोलशास्त्रज्ञ रायमर्स यांचे १९७५ चे सूत्र जपून वापरावे, कारण ते निरीक्षणांवरून बांधलेले आहे. वायूला बाहेर ढकलणारे बल कोणते, हे ते सांगत नाही.