क्रेनचं मॉडेल करताना या चुका टाळा: रंग नंतर, आधी दोर

तालुक्याच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन होतं. पाच महिने रात्री बसून केलेलं चेनवाल्या, म्हणजे चाकांऐवजी चेनच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या क्रेनचं मॉडेल मी टेबलावर मांडलं होतं. जाळीची बूम (क्रेनचा लांब हात), पिवळा रंग, केबिनला काच, सगळं होतं. माझा मामेभाऊ क्रेनवर रिगर आहे, म्हणजे ओझं दोरांनी बांधून हुकाला लावणारा. तो बघायला आला. रंगाकडे त्याने पाहिलंच नाही. एका बोटाने हुक दोन इंच वर उचलला आणि सोडून दिला. हुक तिथंच राहिला आणि दोराचा ढिला फास बाजूला लोंबला. तो म्हणाला, "हुकाले वजनच नाही, त वायर खाली येईन कशी गा?"

ती परीक्षा मी अजून प्रत्येक मॉडेलवर घेतो आणि तुम्हीही घ्या. हुक उचलून सोडा. तो खाली आला आणि सगळे दोर ताठ झाले, तर मॉडेल बरोबर. अडकला, तर चूक दोराच्या वाटेत आहे आणि ती रंगाने झाकली जात नाही. क्रेन हे दोराचं आणि वजनाचं यंत्र आहे. दोर गुंडाळणाऱ्या ड्रमपासून दोराच्या शेवटच्या टोकापर्यंत बोट फिरवत गेलात की बहुतेक चुका त्याच वाटेवर सापडतात.

आमचं गाव पवनी तालुक्यातलं. जवळच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली आणि काम कितीतरी वर्षं चाललं, त्यामुळे मोठी यंत्रं आमच्या भागाला नवी नाहीत. पण लांबून पाहिलेली क्रेन आणि हाताने बांधायची क्रेन यांत फार अंतर आहे. खाली जे लिहितो आहे ते १:५० या मापासाठी आहे. बांधकामाच्या यंत्रांची तयार मॉडेलं बहुतेक याच मापात येतात.

हलका हुक

मापाचा हिशेब इथे फसवतो. लांबी ५० पट कमी होते, पण वजन ५० गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे १,२५,००० पट कमी होतं. खऱ्या क्रेनचा दीड टनाचा हुक ब्लॉक, म्हणजे हुक आणि त्याच्या पुल्यांचा ठोकळा, मॉडेलमध्ये फक्त १२ ग्रॅमचा ठरतो. पुल्यांमधलं घर्षण मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. सहा फॉलच्या, म्हणजे बूम आणि हुक यांच्यामध्ये सहा वेळा ये-जा केलेल्या दोराला १२ ग्रॅम खाली ओढू शकत नाहीत. प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा हुक असेल तर विचारायलाच नको.

उपाय म्हणजे हुक ब्लॉकच्या दोन्ही गालांमध्ये शिसं भरायचं. आमच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासेमारी करणारे ढीवर बांधव जाळ्याच्या कडेला शिशाचे तुकडे लावतात. ते बाजारात सहज मिळतात. ते हातोडीने चपटे करा, कात्रीने कापा आणि पोकळीत ठोकून बसवा. घरात शिसं वितळवू नका, त्याचा धूर विषारी असतो. काम झालं की साबणाने हात धुवा आणि लहान मुलांना त्या टेबलापासून दूर ठेवा. एवढं करून हुक पंचवीस-तीस ग्रॅमपर्यंत जातो. तेवढ्याने भागलं नाही तर हुकाला खरं ओझं लावा. लोखंडी पाइपचा भरीव तुकडा चालतो, पोकळ प्लास्टिकचा नळ नको.

मॉडेल फक्त मांडून ठेवायचं असेल तर आणखी एक सोय आहे. ओझं जमिनीवर टेकलेलं दाखवा, त्याच्या तळातून बारीक तार मॉडेलखालच्या लाकडी पाटात उतरवून खालून पक्की करा आणि मग ड्रम फिरवून दोर ताणा. यात लपवाछपवी वाटत असेल तर वाटू द्या. डोळ्याला दिसतो तो ताण खराच असतो.

दोर कोणता घ्यावा

खरी वायर रोप २४ मिलिमीटरची धरली तर आपल्याला साधारण अर्धा मिलिमीटरचा दोर लागतो. बहुतेक जण गोधडी शिवायचा जाड दोरा घेतात. मीही तोच घेतला होता. तो केसाळ असतो आणि १:५० मध्ये प्रत्येक केस दोन-तीन इंची काट्यासारखा दिसतो. शिवाय तो पिळाचा असतो. वजन लागलं की पीळ उलगडतो, हुक गोल फिरतो आणि दोन फॉल एकमेकांना विळखा घालतात. खऱ्या क्रेनलाही हीच अडचण येते. म्हणूनच उंच उचलीसाठी न फिरणारी वायर वापरतात, जिच्यात आतल्या आणि बाहेरच्या लडी उलट दिशांना वळलेल्या असतात.

मॉडेलसाठी मासेमारीचा विणलेला दोर घ्या. एकेरी नायलॉनची तंगूस नको. विणलेल्या दोरात पीळ नसतो, केस नसतात आणि पाण्याने तो ताणतही नाही. त्याचा रंग गडद करडा ठेवा. ग्रीस लावलेली वायर चांदीसारखी चमकत नाही आणि ठार काळीही नसते. पांढरा दोर मिळाला तर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने चोळली तरी काम होतं. पिळाचाच दोरा हाताशी असेल तर ओवण्याआधी तो वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा, मग त्यावरून मधमाशीचं मेण फिरवा. मे महिन्यात मात्र ते मेण मऊ होऊन धूळ धरतं.

संक्रांतीचा उरलेला मांजा वापरण्याचा मोह आवरा. त्याची काच पुल्यांच्या खाचा कापते आणि बोटंही कापते. नायलॉन मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तो घरात नकोच.

पुली किती मोठी हवी, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि शर्टाची बटणं लावून मोकळे होतात. वर उचलणाऱ्या दोराची पुली दोराच्या व्यासाच्या निदान १८ पट असावी, असा क्रेनचा रूढ नियम आहे. २४ मिलिमीटरच्या वायरला ती ४३ सेंटिमीटरच्या वर जाते, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ ९ मिलिमीटर. बटणाला खाच नसते, म्हणून दोर निसटून आसावर जाऊन बसतो. पितळी पत्र्याच्या तीन चकत्या करा, मधली लहान आणि बाहेरच्या दोन मोठ्या. त्या एकावर एक डाखल्या की खोल खाचेची पुली तयार होते.

फॉल मोजा, मग ओवा

माझ्या मते सर्वांत जास्त मॉडेलं इथेच खोटी ठरतात. बूमच्या टोकाला पाच पुल्या, हुकात चार, आणि दोर मात्र मनाला येईल तसा फिरवलेला. नियम सोपा आहे. हुकाला धरणारे दोर मोजा, तेवढे फॉल. फॉल सम असतील तर दोराचं मेलेलं टोक बूमच्या डोक्याला बांधलेलं असतं. विषम असतील तर ते हुक ब्लॉकला येतं. सहा फॉल ओवून टोक हुकाला बांधलेलं मी कितीदा पाहिलं आहे. तसं ओवताच येत नाही, म्हणजे कुठेतरी एक पुली सुटलेली असते.

फॉल किती ठेवायचे तेही मनाचं नाही. एका दोराची ओढ १० टन असेल आणि हुकासकट ओझं ४२ टन असेल, तर चार फॉल कमी पडतात. पाच लागतात, आणि घर्षणाचा विचार करून सहा ओवले तर अधिक बरं. दोन फॉलवर लोंबणारा पुलाचा भलामोठा गर्डर जाणकाराच्या डोळ्याला लगेच खुपतो.

हुक तिरका लोंबत असेल तर वजनाला दोष देऊ नका. बूमच्या डोक्यात पुल्या जास्त आणि फॉल कमी असताना एका कडेपासून ओवत गेलात की असं होतं. सगळा दोर काढा आणि मधल्या पुल्या धरून दोन्ही बाजूंना सारखा वाटा. दोर ड्रमच्या एकाच कडेला ढीग करत असेल तर ड्रम आणि पहिली पुली फार जवळ आहेत. गुळगुळीत ड्रमवर दोर दीड अंशापेक्षा जास्त तिरका येऊ नये. ड्रमच्या मध्यापासून कडेपर्यंत १० मिलिमीटर असतील तर पहिली पुली ३८ सेंटिमीटर तरी लांब हवी. आणि पहिला थर ताण ठेवूनच गुंडाळा. सैल थरात वरचा दोर रुततो आणि सोडताना अडकतो.

शेवटच्या टोकाला गाठ मारू नका. तिथे पाचरीचा सॉकेट असतो, म्हणजे दोर पाचरीने आवळून धरणारी खोबण. ओझं धरणारा दोर सॉकेटच्या पिनेच्या सरळ रेषेत यायला हवा आणि मेलेलं टोक, म्हणजे पाचरीतून पुढे उरलेला दोर, बाजूला थोडं बाहेर राहायला हवं. कुठे क्लिप (दोन दोर एकत्र आवळणारा यू आकाराचा बोल्ट आणि त्याची बैठक) दाखवायचीच असेल तर तिचा यू मेलेल्या टोकावर आणि बैठक ओझ्याच्या दोरावर. बूमच्या टोकाखाली, दोराभोवती एक लहान वजन साखळीने लोंबतं, तेही विसरू नका. हुक फार वर आला की ते उचललं जातं, स्विच सुटतो आणि क्रेन थांबते.

ओझं हुकाला टांगणाऱ्या दोराबद्दल, म्हणजे स्लिंगबद्दल, एकच सांगतो. दोन पायांची स्लिंग जमिनीशी ६० अंशांत ठेवा. तीच ३० अंशांवर आणली तर प्रत्येक पायावर पूर्ण ओझ्याइतका ताण येतो. तशी पसरट स्लिंग बघून रिगर माणूस पुढे सरकतच नाही.

वाकडी बूम, डाख आणि आपलं हवामान

६० मीटरची बूम १:५० मध्ये १२० सेंटिमीटरची होते. एवढ्या लांबीत पीळ पडणारच. सुतार फळी पारखतो तसा एक डोळा मिटून टोकाकडून बघा. बूम वाकडी दिसली की लोक पेंडंट, म्हणजे बूमला मागून ताणून धरणारे दोर, कमी-जास्त करून ती सरळ करायला बघतात, आणि मग पेंडंट एक सैल, एक ताठ राहतात. दोन्ही पेंडंट एकाच मापाचे हवेत. पाटावर दोन खिळे ठोका आणि दोन्ही त्याच खिळ्यांवर बांधा. दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा बूमचं डोकं एका बाजूला ओढतो. बूमचा पीळ बूममध्येच काढावा लागतो. एका बाजूच्या तिरप्या काड्या सोडवा, पाटावर खिळ्यांमध्ये बूम दाबून सरळ करा आणि काड्या परत बसवा.

भंडाऱ्याला पितळेचा जुना धंदा आहे, म्हणून पितळी तार मिळवायला आम्हाला त्रास होत नाही. त्रास होतो डाखेचा. एक जोड तापवला की शेजारचा सुटतो. शेजारच्या जोडाला ओल्या कापसाचा बोळा गुंडाळा, जोड कानशीने चमकेपर्यंत घासा आणि डाखायची इस्तरी मोठी, झटपट तापणारी घ्या. कमी उष्णतेने जास्त वेळ शेकत बसलात तर सगळी बूम तापते. कल्हईवाला नवसागर टाकतो तो धातूवरची मळी काढायला, आणि काही जण डाखेलाही तोच लावतात. जोड छान बसतो. पण नवसागर धुतला नाही तर पावसाळ्यात पितळेवर हिरवा थर येतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि उन्हात वाळवा.

पितळ जड पडतं म्हणून पहिलं मॉडेल बांबूत करणाऱ्यांना मी अडवत नाही. अगरबत्तीच्या काडीने जाळी सुंदर होते. बांबू मात्र पावसाळ्यानंतर तोडलेला आणि पाण्यात मुरवलेला असावा, नाहीतर वर्षभरात भुंगा लागून बूमखाली पिवळी भुकटी पडायला लागते.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या खोलीत तर बघायलाच नको. सनबोर्डचा सांगाडा तिथे वाकतो. फेविक्विकचं वागणंही ऋतूप्रमाणे बदलतं, कारण ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते उशिरा धरतं, जुलैत क्षणात धरतं आणि आजूबाजूला पांढरी वाफ बसवतं. रंगानंतर फेविक्विक नको, आणि दोराच्या टोकाला तर अगदी थेंबाचा दहावा भाग. जास्त लागलं की दोर काचेसारखा कडक होऊन तिथेच तुटतो. पावसाळ्यात नायलॉन ओल पिऊन लांबतं आणि सुती दोर आखडतो, म्हणून उन्हाळ्यात ताठ बांधलेली क्रेन श्रावणात वेगळीच दिसते. विणलेला दोर घ्या म्हणतो ते यासाठीही.

पायाखालची जमीन

विदर्भातल्या काळ्या मातीवर चेनवाली क्रेन नुसती उभी राहत नाही. ती माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. आधी मुरूम टाकून दाबतात, त्यावर लाकडी मॅट आणि मग क्रेन. मॉडेलमध्ये एक फुटाची मॅट ६ मिलिमीटर जाड होते. माती शेतातलीच घ्या, वाटून मलमलीतून गाळा आणि तव्यावर भाजा. न भाजलेल्या मातीतून माझ्या पाटावर पहिल्याच पावसाळ्यात गवत उगवलं होतं.

जॅकवर उभी केलेली टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या बूमची) क्रेन असेल तर टायर जमिनीपासून सुटलेले हवेत. हायड्रा नावाच्या लहान क्रेनला जॅक नसतात, ती ओझं घेऊन टायरवरच चालते, तिला जॅक लावू नका. गंज फक्त चेनच्या पट्ट्यांवर आणि मॅटच्या खिळ्यांवर दाखवा. बूमच्या मुख्य नळ्यांवर गंज काढला तर ती क्रेन कुणी कामावर घेणार नाही. धूळ मात्र हवी तेवढी.

शेवटी वाहतूक. बूम एकसंध डाखून टाकू नका. १२० सेंटिमीटरची बूम एसटीत नेताना गर्दीत कशी वाचवायची, हे मला एकदा लाखनीच्या स्टँडवर कळलं, आणि ती वाचली नाही. खरी क्रेनही तुकड्यांत येते. तुकडे पिनांनी जोडा, प्रत्येक जोडाच्या पिना वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर नंबर टाका. बरोबर चार मीटर विणलेला दोर आणि गोधडीची लांब सुई असू द्या, कारण प्रदर्शनाच्या सकाळी दोर पुन्हा ओवावाच लागतो.